माठ पाझरतो, बरणी का पाझरत नाही?

मे महिन्यात केळशीसारख्या कोकणातल्या एखाद्या गावी गेलात, तर तिथल्या स्वयंपाकघरात मातीची दोन भांडी तुम्हांला बहुधा दिसतील. एक कोपऱ्यात तिवईवर ठेवलेला पाण्याचा माठ आणि दुसरे फळीवरची लोणच्याची बरणी. माठाच्या अंगाला हात लावला, तर तो ओला लागतो. बरणीत मात्र कैरीचा आंबट, खारट खार वर्षभर मुरत राहिला, तरी बरणीची बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत असते. दोन्ही भांडी मातीचीच. दोन्ही भट्टीत भाजलेलीच. मग एक पाझरते आणि दुसरे पाझरत नाही, असे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्याला मातीचे, आगीचे आणि काचेचे बरेच रसायनशास्त्र कळेल. शिवाय, कोणत्या भांड्यात लोणचे ठेवावे आणि कोणत्या भांड्यात मुळीच ठेवू नये, हेही समजेल. ही दुसरी गोष्ट आपल्या आरोग्याशी निगडित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मातीत पाणी किती प्रकारचे?

कुंभाराची चिकणमाती अतिशय बारीक, चपट्या कणांची बनलेली असते. हे कण पत्त्यांच्या पानांसारखे एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. ओले पत्ते जसे एकमेकांवरून घसरतात पण सहज सुटत नाहीत, तसेच या कणांचे होते. म्हणूनच मळलेल्या चिकणमातीला हवा तो आकार देता येतो आणि दिलेला आकार ती धरून ठेवते. वाळूचे कण गोलसर व मोठे असतात, म्हणून नुसत्या वाळूचे भांडे चाकावर घडत नाही.

भांडे सावलीत वाळत ठेवले, की कणांमधले पाणी निघून जाते, कण जवळ येतात आणि भांडे थोडे आटते. वाळणे सगळीकडून सारखे व्हावे लागते. एक बाजू उन्हात आणि एक सावलीत राहिली, तर एक बाजू आधी आटते आणि भांड्याला चीर जाते. कुंभार नव्या भांड्यांवर ओले फडके का टाकतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

वाळलेले कच्चे भांडे पाण्यात टाकले, तर त्याचा पुन्हा चिखल होतो. भाजलेल्या भांड्याचे तसे होत नाही. कारण मातीत आणखी एका प्रकारचे पाणी असते. ते ओलाव्याचे नव्हे, तर मातीच्या रेणूतच बांधले गेलेले असते. शुद्ध चिनी मातीचे मुख्य खनिज केओलिनाइट. त्याच्या वजनात असे बांधलेले पाणी सुमारे १४ टक्के असते. तापमान साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले, की हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते आणि मातीची मूळ रचनाच मोडते. मग कितीही पाणी घातले तरी तिची पुन्हा चिकणमाती होत नाही. ‘पक्क्या मडक्याला माती जोडता येत नाही’ हा कुंभाराचा अनुभव आहे, त्यामागचे रसायनशास्त्र असे आहे.

पहिली भाजणी

गावच्या कुंभाराचा आवा तुम्ही पाहिला असेल. मडकी रचून त्यांच्यामध्ये व भोवती लाकूड, शेण्या, गवत भरतात, वरून राखेचा किंवा मातीचा थर देतात आणि पेटवतात. अशा आव्यात तापमान बहुधा ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. त्यापुढे जाणे कठीण, कारण बरीच उष्णता उघड्यावर निघून जाते.

आच हळूहळू वाढवावी लागते, याला दोन कारणे आहेत. भांड्यात ओलावा उरला असेल, तर त्याची एकदम वाफ होऊन भांडे फुटते. दुसरे कारण मातीतल्या वाळूच्या, म्हणजे क्वार्ट्जच्या, कणांचे. ५७३ अंशांना या कणांची स्फटिकरचना बदलते आणि ते एकाएकी किंचित फुगतात. थंड होताना त्याच तापमानाला ते एकाएकी आकसतात. भट्टी घाईने निववली, तर भांडी तडकतात ती यामुळे.

आव्यात भाजलेल्या मातीचे कण कडेकडेने एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामधल्या फटी तशाच राहतात. अशा असंख्य सूक्ष्म छिद्रांतून माठातले पाणी बाहेर येते आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तिचा मोठा भाग माठातूनच घेतला जातो, म्हणून आतले पाणी गार होते. तेव्हा पाझरणे हा माठाचा दोष नसून तोच त्याचा मोठा गुण आहे. लोणच्याच्या भांड्याला मात्र हाच गुण घातक ठरतो. खार झिरपून जाईल, छिद्रांत मीठ साकळून त्याचे स्फटिक होतील आणि भांड्याचे पापुद्रे निघतील.

स्वतः मोजून पाहा

छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत, पण ती मोजता येतात. माठाचे किंवा कुंडीचे एक खापर आणि फुटक्या बरणीचा एक तुकडा घ्या. (तुकड्यांच्या कडा धारदार असतात, जपून हाताळा.) दोन्ही तुकडे दोन दिवस कडक उन्हात वाळवून शाळेच्या तराजूवर त्यांचे वजन करा. नंतर ते चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचे पाणी टिपा आणि लगेच पुन्हा वजन करा.

समजा, खापराचे कोरडे वजन २०० ग्रॅम आणि ओले वजन २२६ ग्रॅम भरले. म्हणजे २६ ग्रॅम पाणी आत शिरले. २६ ला २०० ने भागून १०० ने गुणले, की १३ टक्के हे उत्तर येते. यालाच त्या खापराची जलशोषणक्षमता म्हणतात. साध्या मडक्याच्या बाबतीत ती बहुधा दहा टक्क्यांच्या पुढे जाते. चांगल्या बरणीच्या तुकड्याला ती फारच थोडी आढळेल. वर्गातल्या प्रत्येक गटाने वेगवेगळे तुकडे (कौल, वीट, पणती, कपाचा तुकडा) घेऊन तक्ता केला, तर शिक्षकांना त्यावर एक सुंदर पाठ घेता येईल.

झिलई म्हणजे काच

बरणी न पाझरण्याची कारणे दोन. पहिले असे, की ती वेगळ्या मातीची असते आणि सुमारे १,२०० अंशांच्या पुढे भाजलेली असते. इतक्या तापमानाला मातीचा काही भाग वितळून कणांमधल्या फटी बुजवतो. दुसरे कारण तुमच्या डोळ्यांना दिसतेच. ते म्हणजे तिच्या अंगावरची गुळगुळीत, चकचकीत झिलई.

झिलई हा रंग नव्हे किंवा रोगणही नव्हे. ती भांड्याच्या अंगावरच वितळवलेली काच आहे. काच म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजून घेऊ. साखरेचे द्रावण सावकाश निवू दिले, तर साखरेचे कण रांगेत नीट बसतात आणि खडीसाखर होते. हा झाला स्फटिक. पण साखरेचा कडक पाक करून ताटात ओतला आणि पटकन थंड झाला, तर कणांना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. ते जसे होते तसेच थिजतात. चिक्कीतला पारदर्शक, कुरकुरीत भाग असा तयार होतो. वाळूतली सिलिका वितळवून निववली, तर तिचेही असेच होते आणि काच मिळते. काचेत कण आणि कण यांच्यामध्ये फटी राहत नाहीत, म्हणून तिच्यातून पाणी जात नाही.

आता एक अडचण येते. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७१० अंश तापमान लागते. एवढ्या उष्णतेत भांडेच बसकण मारील! मग भांडे शाबूत ठेवून त्यावरची सिलिका वितळवायची कशी?

किनाऱ्यावरचे तीन पदार्थ

बर्फाची कुल्फी करताना बर्फात मीठ का घालतात, ते आठवा. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खाली वितळू लागतो. दोन पदार्थांचे मिश्रण पुष्कळदा त्यांतील कोणत्याही एकापेक्षा कमी तापमानाला वितळते. झिलईची सारी किमया याच तत्त्वावर उभी आहे. सिलिकेला लवकर वितळायला लावणाऱ्या पदार्थाला अभिवाह म्हणतात. सोडा, पोटॅश, चुना, टाकणखार हे असे अभिवाह होत.

एक उदाहरण तर थक्क करणारे आहे. चुना एकटा वितळायला सुमारे २,६०० अंश लागतात, ॲल्युमिनाला सुमारे २,०५०, सिलिकेला सुमारे १,७१०. पण वजनाने सुमारे २३ भाग चुना, १५ भाग ॲल्युमिना आणि ६२ भाग सिलिका असे मिश्रण केले, तर ते सुमारे १,१७० अंशांनाच वितळते! तीन हट्टी पदार्थ एकत्र आले आणि तिघांचाही हट्ट सुटला.

हे तीन पदार्थ मिळतात कुठे? केळशीच्या पुळणीवर उभे राहून सभोवार पाहा. चुना शिंपल्यांत आहे. शिंपले भाजले, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. ॲल्युमिना चिकणमातीत आहे. सिलिका वाळूत आहे. (मात्र समुद्राची वाळू शुद्ध नसते. तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि काळ्या, लोहयुक्त खनिजांचे कण मिसळलेले असतात. झिलईसाठी गारगोटीची पूड किंवा शुद्ध सिलिका वाळू वापरतात. अशी वाळू सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात सापडते.)

प्रत्येक घटकाचे काम ठरलेले आहे. सिलिका काच बनवते, अभिवाह तिला वितळवतो आणि ॲल्युमिना तिला दाट करते. ॲल्युमिना कमी पडली, तर वितळलेली झिलई पातळ पाकासारखी उभ्या भांड्यावरून ओघळून खाली येते आणि भांडे फळीला चिकटून बसते.

झिलई चढवतात कशी?

भांडे एकदा भाजून घेतात. हे भांडे सच्छिद्र असते आणि इथे ती छिद्रेच उपयोगी पडतात. सिलिका, अभिवाह आणि माती यांची अतिशय बारीक पूड पाण्यात कालवून ताकासारखे पातळ मिश्रण करतात. ते सारखे ढवळावे लागते, कारण हे द्रावण नव्हे. पूड तळाशी बसते. भांडे त्यात बुडवतात किंवा मिश्रण भांड्यावर ओततात. कोरडे भांडे पाणी चटकन शोषून घेते आणि पुडीचा एकसारखा थर बाहेर उरतो. भांडे मिश्रणात किती क्षण ठेवायचे, हे कारागिराच्या हाताला ठाऊक असते. एखाददुसरा क्षण जास्त झाला, तरी थर जाड होतो.

आता घरातली बरणी उलटी करून पाहा. तिचा तळ खडबडीत, झिलई नसलेला दिसेल. भट्टीत वितळलेली झिलई सरसासारखी चिकटते, म्हणून तळावरचा थर आधीच पुसून काढतात. बरणीचा वरचा भाग तपकिरी आणि खालचा पांढरट असेल, तर ती दोन वेगवेगळ्या मिश्रणांत बुडवलेली आहे, हे तुम्ही ओळखाल. दोन्ही रंग जिथे भेटतात, तिथली रेषा नीट पाहा.

दुसरी भाजणी बंद भट्टीत होते. आत किती अंश तापमान आहे, हे कसे कळावे? कारागीर झरोक्यातून आतल्या उजेडाचा रंग पाहतो. लालभडक, नारिंगी, पिवळा आणि मग पिवळसर पांढरा, असा तो चढत जातो. हर्मान सेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली याला शास्त्रीय साधनाची जोड दिली. झिलईसारख्याच मिश्रणांचे लहान शंकू करून ते भट्टीत ठेवायचे. ठरावीक उष्णता मिळाली, की ठरावीक शंकूचे टोक वाकते. असे शंकू आजही वापरतात.

आणखी एक रीत फार चमत्कारिक आहे. भट्टी सुमारे १,२०० अंशांच्या पुढे तापली, की तिच्यात साधे मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, पाण्याच्या वाफेशी तिची क्रिया होते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपाने बाहेर पडते. मागे उरलेला सोडा भांड्याच्या मातीतल्या सिलिकेशी संयोग पावून तिथल्या तिथे काच बनवतो. संत्र्याच्या सालीसारखी बारीक दाणेदार झिलई दिसली, तर ती मिठाची असण्याचा संभव असतो. सांडपाण्याच्या जुन्या तपकिरी नळांवर अशी झिलई असे. आम्लाच्या धुरामुळे हवा दूषित होते, म्हणून ही रीत आता बरीच मागे पडली आहे.

रंग आणि तडे

झिलईत धातूंची ऑक्साइडे मिसळली, की रंग येतात. कोबाल्ट निळा रंग देतो आणि तो शेकडा एकाहूनही कमी प्रमाणात पुरतो. लोहामुळे पिवळा, तपकिरी, काळा असे रंग येतात. भट्टीतली हवा कमी केली, तर तेच लोह थोड्या प्रमाणात फिकट हिरवी छटा देते. तांबे तर बहुरूपीच आहे. सोड्याच्या झिलईत ते फिरोजी दिसते, शिशाच्या झिलईत हिरवे आणि हवा कोंडलेल्या भट्टीत लाल.

जुन्या कपांच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा तुम्ही पाहिल्या असतील. त्या झिलईच्या तड्यांच्या असतात. थंड होताना माती आणि झिलई दोन्ही आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसली, तर ती ताणली जाते. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून ती तडकते. उलट झिलई मातीपेक्षा थोडी कमी आकसली, तर ती दाबात राहते आणि भांडे अधिक मजबूत होते. कारागीर मिश्रणात सिलिका वाढवून किंवा सोडा कमी करून हा मेळ साधतो.

सावध! शिशाची झिलई

आता सुरुवातीला म्हटलेल्या आरोग्याच्या गोष्टीकडे येऊ. शिशाची ऑक्साइडे, म्हणजे शेंदूर आणि मुर्दाडशिंग, हे फार सोयीचे अभिवाह आहेत. त्यांच्यामुळे झिलई कमी आचेवर वितळते, आरशासारखी चमकते आणि रंगही उठून दिसतात. लाकडाच्या लहान भट्टीवर काम करणाऱ्या कारागिरांनी म्हणूनच जगभर शतकानुशतके ती वापरली.

पण शिसे विषारी आहे. झिलई कच्ची भाजली गेली असेल किंवा मिश्रण चुकले असेल, तर लोणचे, चिंच, आमसूल, ताक, व्हिनेगर यांच्यातल्या आम्लात शिसे विरघळून अन्नात उतरते. ते शरीरात साठत जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम होतो. त्याला चव नसते, वास नसतो; नुसत्या डोळ्यांनी पाहून शिसे आहे की नाही, हे सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेतच तपासावे लागते. सर्वांत आधी धोका पोहोचतो तो शेंदराची पूड हाताळणाऱ्या कारागिराला आणि त्याच्या घरातल्या मुलांना.

यावर उपाय आहे. शिशाऐवजी टाकणखार वापरता येतो. टाकणखार पाण्यात विरघळतो, म्हणून तो आधी सिलिकेबरोबर वितळवतात, लाल रस पाण्यात ओततात आणि मिळालेल्या काचेच्या कणांची पूड करतात. ही पूड पाण्यात विरघळत नाही आणि कमी आचेवर वितळते. घरापुरते नियम साधे आहेत: शोभेच्या झिलईदार भांड्यात खाद्यपदार्थ साठवू नयेत, झिलई उडालेल्या किंवा तडे गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत, आणि लोणच्यासाठी उच्च तापमानाला भाजलेली, खाद्यपदार्थांसाठीच बनवलेली बरणी घ्यावी.

झिलई आपल्याकडे कशी आली?

झिलईची कला फार जुनी आहे. पाच हजार वर्षांहूनही आधी मिसरमध्ये क्वार्ट्जच्या मण्यांवर निळी झिलई चढवत असत. चीनमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भट्टीतली राख उडून भांड्यांवर पडे आणि तिथे ती चकाके. राखेत चुना व पोटॅश असतात, हे तुम्हांला आता ठाऊक आहे! कुंभारांनी ते पाहिले आणि मुद्दाम राख वापरायला सुरुवात केली. ही भांडी गलबतांतून दूरवर जात. हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून. कोकणात चौलसारख्या जुन्या बंदराच्या परिसरातही परदेशी झिलईदार भांड्यांची खापरे सापडली आहेत.

आपल्या कुंभारांनी झिलई फारशी का वापरली नाही? उष्ण हवेत पाझरणारे मडकेच उपयोगी होते आणि उघड्या आव्यात झिलईला लागणारी स्वच्छ, स्थिर आच मिळत नव्हती. महाराष्ट्रात या कलेला चालना मिळाली ती पुढे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी सिंधमधील झिलईकामाच्या आधारे कार्यशाळा चालवली. त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील नक्षी उतरवली जाई. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे नमुने पाहायला मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ स्थापन केला आणि खेड्यातल्या कुंभारांना सुधारित भट्ट्या व झिलईकाम शिकवण्याचे काम तिथे झाले.

खापरे बोलतात

शेवटी पुन्हा केळशीला जाऊ. तिथे समुद्रालगत वाळूची सुमारे १८ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या थरांत जुन्या वस्तीच्या खुणा आणि मातीच्या भांड्यांची खापरे सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या थरांचा संबंध १५२४ सालच्या समुद्री लाटेशी जोडला गेला. त्या वर्षी वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना समुद्र खवळून उठल्याची नोंद पोर्तुगीज इतिहासकाराने केलेली आहे.

लाकूड कुजते, लोखंड गंजते, कापड विरते. भाजलेली माती मात्र राहते, कारण आगीने तिची रचना कायमची बदललेली असते. खापरातले क्वार्ट्जचे कण प्रयोगशाळेत तापवले, तर ते मंद प्रकाश देतात आणि त्यावरून ते भांडे शेवटचे कधी भाजले गेले, याचाही अंदाज बांधता येतो. मात्र खापर कोणत्या थरात मिळाले, हे माहीत असले तरच त्याची साक्ष पुरी होते. म्हणून अशा जागी खापर दिसले, तर ते उकरून घरी नेऊ नका. जागा नीट टिपून ठेवा आणि शिक्षकांना दाखवा.

आणि आज घरी गेल्यावर बरणी उलटी करून तिचा तळ पाहायला विसरू नका. लोणचे आधी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, म्हणजे झाले!